चिंचोक्यांची तालीम

लिंब फुलला की मला अजून परीक्षेची धास्ती वाटते. हसू नका. मी जन्मात एक परीक्षा दिलेली नाही. चौथीच्या पुढं शाळेचं तोंड पाहिलं नाही, त्यामुळं मला कुणी नापास केलं नाही आणि पास केल्याचंही कुणाला आठवत नाही. तरी फाल्गुन सरत येतो, तेरला सासरच्या आमच्या अंगणात लिंबाखाली पांढरट फुलोऱ्याचा सडा पडतो, दुपारची झळ दारात येऊन उभी राहते, आणि तो कडसर-गोड वास नाकात शिरतो. कुणाचा तरी निकाल लागायचा राहिलाय, असं वाटत राहतं. कुणाचा, ते मला पक्कं ठाऊक आहे. ऐंशी वर्षं होत आली त्याला, तरी ठाऊक आहे.

परवा नात आली, रेवती. विद्यापीठात शिकते. मी ओसरीवर चिंच फोडत बसले होते, ती माझ्यापुढं पाय पसरून बसली आणि म्हणाली, "आजी, ह्या वर्षी मी वाचले ते त्या कक्षामुळं."

"कसला कक्ष गं? दवाखान्याचा?"

"न्हाय गं. विद्यार्थी साहाय्य कक्ष. अभ्यास अडला तर तिथं जायचं. उत्तर कसं मांडायचं ते दाखवतात. भाषा कच्ची असली तर तासतास घेऊन बसतात. राहायची, जेवायची अडचण असली तर बघतात. रडू आलं तर रडायला पण एक मॅडम आहेत."

"रडायला मॅडम?"

"म्हणजे आपण रडायचं. त्या ऐकतात."

माझ्या हातातली चिंच हातातच राहिली. लेकराचं रडणं ऐकून घ्यायला पगारी माणूस नेमलंय, त्याला खुर्ची दिलीय, पंखा दिलाय, दाराला पाटी लावलीय. केवढी मोठी गोष्ट ही! मी तिला तीन-तीनदा विचारलं, आणि ती तीन-तीनदा सांगत राहिली, जसं काही हे रोजचंच आहे. तिला ते रोजचं वाटतं, ह्याचंही मला नवल वाटलं.

"तुमच्या वेळेला असलं काही नसंल ना, आजी?"

"नव्हतं," म्हणाले मी. आणि मग जीभ चावली. कारण तसलं काही होतं की. दाराला पाटी नव्हती, एवढंच.

माझा थोरला भाऊ सिद्राम. त्याला आम्ही अण्णा म्हणायचो. धाराशिवला मोंढ्यात आमची धान्याची आडत होती. निजामाचं राज्य. एका घरात तीन भाषा नांदायच्या तेव्हा. अप्पा, म्हणजे माझे वडील, रागावले की मराठी, माझी आई रागावली की कानडी, आणि सरकार रागावलं की उर्दू. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. तिचं माहेर लोहाऱ्याच्याही पल्याड, सरहद्दीकडचं. बोलायला बसली की मधेच कानडीत शिरायची आणि तिकडनंच भांडण जिंकून यायची.

हैदराबादच्या विद्यापीठात मात्र सगळी विद्या उर्दूत. इतिहास उर्दूत, गणित उर्दूत, रसायन उर्दूत. आमच्या घरातनं तिथवर गेलेला अण्णा पहिला. मॅट्रिकपर्यंतची उर्दू त्यानं पाठांतरावर ओढत नेली होती. मोटारीनं सोलापूर, तिथनं आगगाडी, वाडीला गाडी बदलायची. ट्रंकेत धपाटे, शेंगाची चटणी, आणि वर अव्वानं ठेवलेली विभूतीची वडी. त्याला वकील व्हायचं होतं. लहानपणापासनं एकच धोसरा. गल्लीत दोन पोरं भांडली की हा मधे उभा राहून दोघांच्याही बाजूनं बोलायचा आणि दोघांचाही मार खायचा.

गेला, आणि इंटरला नापास होऊन आला. बाकी सगळ्या विषयांत तरला, एका उर्दूच्या परचात बुडाला. परचा म्हणजे प्रश्नपत्रिका. आल्यावर भिंतीकडं तोंड करून बसायला लागला. हाक मारली तर फक्त मान हलवायचा.

अप्पा तसे मायाळू, पण त्यांचं गणित शेतकऱ्याचं होतं. म्हणाले, "बैल एकदा बसला तर उठवावा. दोनदा बसला तर इकावा. चैतात पुन्यांदा परीक्षा हाय नव्हं? दे. पास झाला तर म्या धाडतो पुढं, वकील हो, न्हायतर दिवाण हो. न्हाय झाला तर मोंढ्यात तराजू धरायचा. मुकाट."

मोंढ्यात तराजू धरणं काही वाईट नव्हतं. आमचं सगळं घर त्या तराजूवरच जेवत होतं. पण अण्णा तराजूपाशी बसला की पारडी हलायची थांबत नसत.  ते मी बघितलेलं. अकरा वर्षांची होते मी, मला काय कळतंय असं सगळ्यांना वाटायचं, म्हणून मला सगळं बघायला मिळायचं.

माघ लागला की चिंचा उतरतात. दर्ग्याकडच्या गल्लीत उस्तानीबी राहायच्या. एका मुन्शीची विधवा. उस्तानी म्हणजे शिकवणारी बाई. चाळीस वर्षं त्यांनी गल्लीतल्या पोरींना लिहाय-वाचायला शिकवलं होतं. आता दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदूची साय आलेली. त्यांच्या अंगणात ही भली थोरली चिंच होती. ती अव्वा दरसाली अर्धेलीनं फोडायला घ्यायची, अर्धी चिंच त्यांची, अर्धी आमची. अव्वा सोवळ्याची, आपला पाण्याचा तांब्या घरनं घेऊन जायची. उस्तानीबी हसायच्या, "पानी तुम्हारा, बाताँ हमारे."

त्या वर्षी पाट्या उचलायला म्हणून अव्वानं अण्णाला ओढत नेलं. खरं कारण वेगळं होतं. भिंतीकडं बघून बघून लेकरू भिंतीसारखं झालं होतं, ते तिला बघवत नव्हतं. अण्णा उंबऱ्यापाशी थबकला. परक्या बाईच्या घरात, तेही पर्द्यातल्या, पुरुषमाणसानं कसं शिरावं?

आतनं आवाज आला, "अंदर आ रे. मेरेकू काय का पर्दा? मेरे दाँताँ बी कबके बाहर निकल गये."

अण्णा कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा हसला. तोंड फिरवून, पण हसला.

"क्या पढ़ता?" त्यांनी विचारलं.

अण्णानं अव्वाकडं बघितलं. अव्वा म्हणाली, "इंटरात गटांगळी खाल्ली जी."

"परचा है क्या पास में?"

आणि मला नवल वाटलं, परचा होता! सदऱ्याच्या खिशात, चार घड्या घालून, इतके दिवस तो बरोबर घेऊन हिंडत होता, माणूस जखम घेऊन हिंडतो तसा. त्यानं तो उलगडला आणि वाचायला लागला. उस्तानीबी मान डोलवत ऐकत होत्या. एका प्रश्नाशी त्यांनी हात वर केला. प्रश्न असा होता, की खाली दिलेल्या उताऱ्याचा खुलासा लिहा.

"ये लिख्या तू?"

"लिहिलं की. पाच पानं लिहिली," अण्णा म्हणाला. "एकेका वाक्याचा खुलासा केला. कागद पुरंना म्हणून वरनं मागून घेतला."

उस्तानीबींनी कपाळावर हात मारला. मग हसायला लागल्या. अशा हसल्या की त्यांच्या त्या साय आलेल्या डोळ्यांतनं पाणी आलं. मग एकदम थांबल्या आणि अण्णाचा हात चाचपडत धरला.

"बेटा, हमारे में ख़ुलासा बोले तो निचोड़. इत्तासा." त्यांनी करंगळीचं अर्धं पेर दाखवलं. "उनो चिंच मांगे, तू झाड लाके खड़ा कर दिया रे!"

आपल्याकडं खुलासा म्हणजे काय, तर उकलून, फोडून, सविस्तर सांगायचं. त्यांच्याकडं खुलासा म्हणजे सार, थोडक्यात. तोच शब्द, तेच तीन अक्षरी तोंड, आणि अर्थ पार उलटा. त्यात वेळ गेला म्हणून पुढचे दोन प्रश्न अण्णाचे राहिले होते. सगळं वर्ष, अण्णाचं भिंतीकडं बघणं, अप्पांचा बैल, अव्वाचे सोळा सोमवार, सगळं त्या एका शब्दाच्या खुंटीला टांगलेलं! मी तोंडात चिंच धरून तशीच बसले होते. आंबट लागायचंही विसरलं होतं.

अण्णानं हळूच विचारलं, "असं कसं झालं? शब्द तर एकच हाय."

तेव्हा उस्तानीबी जे बोलल्या ते मी जन्मभर जपून ठेवलंय. त्यांच्या दखनीत बोलल्या, मी आपल्यात सांगते. म्हणाल्या, शब्द पोरीसारखे असतात. माहेरी एक स्वभाव, सासरी गेली की दुसरा. हा खुलासा माहेरी फार मितभाषी पोर. तुमच्या मराठीत नांदायला आली आणि बोलकी झाली. तिचा काय दोष? तू फक्त ध्यानात ठेव, आज तिला माहेरी भेटायला चाललायस का सासरी.

अव्वानं पदर डोळ्यांना लावला. तिला शब्दांचं काही कळलं नसणार, पण माहेर-सासर कळलं.

मग म्हणाल्या, "रोज आ. तेरी तालीम अधूरी नक्को."

अव्वा दचकली. "नगं बाई! तालीम नगं. हाडं मोडंल त्याची, अंगात हाय काय त्याच्या?"

तालीम म्हणजे आपली कुस्तीची, लाल मातीची. अव्वाला वाटलं पोराला आता लंगोट चढवतात! त्यांच्यात तालीम म्हणजे शिक्षण. असला गोंधळ दर दोन वाक्यांना व्हायचा, आणि त्या गोंधळातनंच तो अभ्यास उभा राहिला.

अभ्यास कसा, तर ऐका. उस्तानीबींनी एक चिंचोका घेतला, पायरीच्या दगडावर घासला, घासघासून एक बाजू पांढरी केली. पट खेळायला करतो तसा. एक बाजू काळपट, एक पांढरी. अण्णाला म्हणाल्या, मी शब्द बोलीन आणि हा टाकीन. काळी पडली तर मराठीतला अर्थ सांग, पांढरी पडली तर उर्दूतला. चुकलास तर ओंजळभर चिंच फोडायची.

"शिकस्त!"

पांढरी पडली.

"शिकस्त म्हणजे जिवापाड मेहनत," अण्णा छाती काढून म्हणाला.

"फोड़ चिंच! शिकस्त बोले तो हार."

अण्णाचा चेहरा उतरला. पुन्हा परीक्षेला बसू द्या म्हणून विद्यापीठाला त्यानं अर्ज केला होता, त्यात लिहिलं होतं, मी शिकस्त केली. त्याला म्हणायचं होतं, मी फार कष्ट घेतले. उस्तानीबी हसत म्हणाल्या, बरं झालं, खरं बोलणाऱ्याला दया दाखवतात. परवानगी मिळाली होती, ती बहुतेक त्यामुळंच.

"इरसाल!" काळी पडली तर इरसाल म्हणजे नंबरी बिलंदर. पांढरी पडली तर इरसाल म्हणजे रवाना करणं, धाडणं. "फाजील!" काळी पडली तर शेफारलेला. पांढरी पडली तर मोठा विद्वान, पंडित.

त्या फाजीलची तर गंमतच झाली. एकदा उस्तानीबी काठी टेकत मोंढ्यावरनं चालल्या होत्या. आमच्या आडतीपाशी थांबून अप्पांना म्हणाल्या, "सावकार, तुम्हारा बेटा फ़ाज़िल बनेगा, देखो."

अप्पा म्हणाले, "आता आनखी काय बनायचं ऱ्हायलंय? फाजील तर हायेच त्यो. माझ्याच लाडानं झाला."

आत पोत्यांवर बसलेला अण्णा ओरडला, "अप्पा, पांढरी बाजू! पांढरी बाजू घ्या!" अप्पांना काही कळलं नाही. पोराला ऊन लागलं म्हणून अव्वाला कांदा कापायला सांगितलं त्यांनी.

ह्या सगळ्याचं उस्तानीबींनी काय घेतलं? काही नाही. म्हणजे एक घेतलं. त्यांच्या घरात मुन्शीजींची एक ट्रंक होती, पुस्तकांनी भरलेली. डोळे गेल्यापासनं ती बंद होती. त्या म्हणाल्या, शिकवते मी, पण मला वाचून दाखवायचं. रोज. मोठ्यानं. मग दुपारी, चिंचेच्या सावलीत, अण्णा वाचायचा. अडखळला की त्या न बघता शब्द सांगायच्या. न बघता! पान कुठलं, ओळ कुठली, कशाची गरज नाही. कधी कधी त्या अण्णाच्या पुढं दोन वाक्यं पळायच्या आणि तिथं बसून त्याची वाट बघायच्या. मी बघत राहायचे. विद्यापीठाची पायरी ह्या बाईनं बघितली नव्हती, हैदराबाद बघितलं नव्हतं, आणि तिथल्या परीक्षेचं कुलूप इथं बसून, आंधळ्या डोळ्यांनी, बोटानं चाचपून काढत होती. देवळात गेल्यावर हात आपोआप जोडले जातात ना, तसं काहीतरी मला त्या बोळक्या तोंडाकडं बघून व्हायचं. पोर होते, हात जोडले नाहीत. आता वाटतं, जोडायला हवे होते.

रेवतीला हे सांगितलं तर म्हणते, "म्हणजे आजी, तुमची उस्तानीबी म्हणजे आमचा कक्षच की."

"असंल," म्हटलं मी. "पण तिची नेमणूक कुणी केली होती?"

 मी अजून विचार करते. कुणी सांगितलं होतं त्यांना? आणि त्या एकट्या तरी कुठं होत्या! आता मागं वळून बघते, तर सगळं धाराशिवच एक मोठा कक्ष होतं, फक्त त्याच्या खोल्या गावभर विखुरलेल्या. सोमवारी आमच्या घरी तुळजापूरचा एक गरीब विद्यार्थी जेवायला असायचा, त्याचे बाकीचे वार बाकीच्या घरांत. अव्वा त्याच्या ताटात भाकरी वाढताना विचारायची नाही, नुसती वाढायची. सोलापूरच्या मोटारीचा डायवर हैदराबादला जाणाऱ्या माणसाच्या हाती धपाट्यांचा डबा द्यायचा. कधी चुकला नाही. डबा पोचायचा तेव्हा धपाट्यांना बुरशी आलेली असायची, ती गोष्ट वेगळी. अण्णानं कधी सांगितलं नाही. बुरशी झटकून खायचा.

चैत्र लागेपर्यंत उस्तानीबींच्या अंगणात अण्णाबरोबर आणखी दोघं-तिघं यायला लागले. सगळे मराठी घरांतले, सगळे त्या दोन तोंडांच्या शब्दांनी चावलेले. चिंचोके उडायचे, हशा उठायचा, चुकणारा चिंच फोडायचा. त्या साली अव्वाची चिंच इतक्या लवकर फोडून झाली की ती म्हणाली, "ह्या पोरांनी अजून चुकायला पायजे हुतं."

मग अण्णा गेला. मोटारीत बसताना अप्पांच्या पाया पडला. अप्पा म्हणाले, "दिसंल आता." एवढंच. मोटार धूळ उडवत गेली, आणि आमच्या घरात वैशाख येऊन बसला.

वाट बघायचा काळ मला नेहमी त्या वैशाखासारखाच वाटत आलाय. कौलं तापलेली, विहिरीचं पाणी तळाला, माणसं हळू बोलणारी. अप्पांनी गुपचूप एक नवा तराजू घडवायला टाकला होता, पितळी, देखणा. अव्वानं तो बघितला. मग दिवसभर तिची कानडी ऐकू आली. आता दर्ग्याकडच्या त्या गल्लीत गेले तर चिंच नाही, अंगण नाही, तीन मजली घर आहे आणि खाली मोबाईलचं दुकान. पुढं निजामाचं राज्य जाऊन दिवस पालटले तेव्हा उस्तानीबींची लेक त्यांना आपल्याकडं घेऊन गेली. ट्रंकही नेली. पण वैशाखातल्या दुपारी मी डोळे मिटले, की त्या अंगणातल्या भुईची ऊब पायांना अजून लागते.

निकालाचं पत्र आमच्या घरी आलंच नाही. उस्तानीबींच्या घरी आलं. आम्ही दोघी, अव्वा आणि मी, चिंच उन्हात घालायला तिथं गेलो होतो. टपालवाला आला, उस्तानीबींच्या नावाचं पाकीट देऊन गेला. वरचं अक्षर अण्णाचं होतं. मी ओळखलं. बापाला सोडून त्यानं आधी त्यांना लिहिलं होतं.

उस्तानीबींनी पाकीट हातात घेतलं. फोडलं. कागद डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, लांब नेला, उजेडाकडं धरला. काही उपयोग नव्हता. त्यांचं टपाल वाचून दाखवणारे शेजारचे मास्तर लग्नाला गावी गेलेले. अव्वाला एकही अक्षर येत नव्हतं, कुठल्याच भाषेतलं. तो कागद त्या म्हातारीच्या हातात तसाच उघडा होता. अण्णाचं सगळं आयुष्य त्यात होतं, आणि आमच्यातल्या कुणालाच ते दिसत नव्हतं.

मी म्हणाले, "मी वाचू?"

दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. मला उर्दू कुणी शिकवली नव्हती. पण सगळा माघ, सगळा फाल्गुन मी अण्णाच्या समोर बसून चिंच फोडत होते. पुस्तक त्याच्या मांडीवर, मी त्याच्या पुढ्यात. तो बोट फिरवायचा, मोठ्यानं वाचायचा, आणि मी पलीकडनं ते बोट बघायचे. असं करत करत मला वाचता यायला लागलं होतं. माझं मलाच कळलं नव्हतं कधी ते. फक्त एक होतं. मी ती अक्षरं पलीकडनं शिकले होते, म्हणजे उलटी. सुलट धरलेला कागद मला मुक्याच्या तोंडासारखा वाटायचा. मी कागद घेतला आणि खालचं टोक वर केलं. आता अक्षरं डावीकडनं उजवीकडं चालायला लागली, आपल्या बाळबोधीसारखी. फक्त खालच्या ओळीकडनं वर वाचत जायचं.

"अगं उलटं धरलंयस!" अव्वा ओरडली.

"मला असंच येतं, अव्वा."

मी वाचायला लागले. उस्तानी साहिबांना आदाब. तब्येतीची विचारपूस. मग, "नतीजा लग गया. मैं हैरान हूँ..."

"हैराण!" अव्वा कपाळ धरून खाली बसली. "हैराण झालं गं माझं लेकरू! तरी म्या म्हनत हुते, नगा पाठवू. एकटं तिकडं, ना कुनी आपलं..."

आपल्याकडं हैराण म्हणजे जेरीस आलेला, पिचलेला. मला वाटलं, संपलं. कागदावरची अक्षरं विरघळायला लागली. तेवढ्यात उस्तानीबींनी अव्वाच्या डोक्यावर हात ठेवला.

"रो नक्को गे! हमारे में हैरान बोले तो दंग. अचंबा." आणि मग त्यांनीही कागदाकडं तोंड वळवलं. कारण अचंबा कसलाही असतो. माणूस नापास झाल्यावरही दंगच होतो. त्या म्हणाल्या, "किस बात का अचंबा... आगे पढ़ बेटी. जल्दी नक्को. सम्हाल के."

पुढचा शब्द मी पुस्तकात बघितलेला नव्हता. एकेक अक्षर, एकेक ठिपका. मी काठावरनं पाण्यात पाय टाकावा तसं एकेक उच्चारलं. "का... म..."

"कसलं काम?" अव्वा हुंदक्यातनं म्हणाली.

"...या... ब."

उस्तानीबींनी दोन्ही हात तोंडावर धरले. त्यांनी अव्वाला सांगायच्या आधीच मला कळलं. त्या बोळक्या तोंडाभोवती सगळ्या सुरकुत्या उजळत चालल्या होत्या. कामयाब. पास. अव्वा उठली. सोवळं-ओवळं, तांब्या, सगळं विसरली, आणि तिनं उस्तानीबींना कवटाळलं. दोघी दोन भाषांत रडत होत्या. अव्वा तर कानडीत.

"जा," उस्तानीबी मला म्हणाल्या, "सावकारकू दिखा."

मी मोंढ्यात धावत गेले. पायाला चटके बसत होते, ते नंतर कळलं. अप्पा आडतीवर ज्वारीच्या ढिगापाशी उभे होते. गिऱ्हाईक खोळंबलेलं. मला धाप लागलेली, बोलता येईना, मी नुसता कागद पुढं केला. अप्पांनी तो घेतला, तळहातावर सुलटा धरला, आणि त्यांच्या तोंडावरचं रक्त उतरलं. त्यांनाही उर्दू येत नव्हती.

"कुनाचं?"

"अण्णाचं."

"तुला येतंय वाचाय?"

मी मान हलवली. मग त्यांच्या हातातला कागद न हलवता मी फिरून त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले, तोंडाला तोंड. आमच्या घरात पोरी बापाच्या समोर अशा उभ्या राहत नसत, कडेला, मान खाली घालून राहत. पण मला तिथनंच वाचता येत होतं. मधे तो कागद, पलीकडं अप्पा, अलीकडं मी. मी वाचलं. पास झाला, म्हणून सांगितलं.

अप्पा कागदावर वाकले. मग म्हणाले, "कुठं लिवलंय?"

मी त्या शब्दावर बोट ठेवलं.

"ह्यो? एवढासा?"

"व्हय, अप्पा."

त्यांनी माझ्या बोटाशेजारी आपलं बोट टेकवलं, ज्वारीच्या धुळीनं पांढरं झालेलं, हलक्या हातानं, शाईला दुखंल जसं काही. "सावकार, माप करता न्हवं?" गिऱ्हाईक मागनं हाका मारत होतं. अप्पांना ऐकूच गेलं नाही. ते त्या शब्दाकडं बघत होते, आणि मग मान वर करून, जन्मात पहिल्यांदाच बघावं तसं, माझ्याकडं.

"पुन्यांदा वाच," म्हणाले.